नळाचे पाणी आणि खोऱ्याचे ऋण

वांगणी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना कर्जत मार्गावरचे रेल्वेस्थानक आठवते. या लेखातली वांगणी ती नव्हे. ही वांगणी जव्हार तालुक्यातली. तिचे नाव सहसा एकटे घेतले जात नाही. शेजारच्या वावर गावाशी जोडून ‘वावर-वांगणी’ असेच ते उच्चारले जाते. १९९२ साली या परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या साध्या साध्या आजारांनी दगावली, तेव्हा हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले. मंत्री, अधिकारी, पत्रकार आणि स्वयंसेवक त्या डोंगरात पोहोचले. विधिमंडळात जाब विचारला गेला. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, आरोग्यसेवेचे लक्ष तिकडे वळले, काही रस्ते झाले. मग हळूहळू ते नाव बातम्यांतून ओसरले. २०१६ साली शेजारच्या मोखाड्यातून पुन्हा बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि जुन्या नावाची आठवण निघाली.

या जुन्या दुःखाला आज हात घालण्याचे कारण आहे. ज्या डोंगररांगांत ही गावे वसली आहेत, त्याच डोंगररांगांकडे मुंबई महानगर आपल्या उद्याच्या पाण्यासाठी पाहत आहे. जव्हार तालुक्यात खिडसे येथे पिंजाळ नदीवर धरण बांधण्याची योजना आहे. दमणगंगेच्या खोऱ्यातले पाणी बोगद्यांतून या पिंजाळच्या जलाशयात आणण्याचा जोडप्रकल्प राष्ट्रीय जलविकास अभिकरणाने आखला, आणि २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पी भाषणात त्याचा उल्लेख झाला. एका महानगराने आपल्या पुढच्या पिढ्यांची तहान आजच मोजावी आणि त्याच पाण्याच्या उगमाशी असलेल्या गावाने आपली मुले गमवावीत, या दोन गोष्टींचा परस्परांशी काही नैतिक संबंध आहे काय? की त्या दोन वेगळ्या खात्यांच्या, दोन वेगळ्या फायलींतल्या गोष्टी आहेत? या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शहराची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती खरोखरच अभिमानास्पद आहे. मुंबई हे बेट होते. विहिरी आणि तलाव यांवर त्याची तहान भागत असे. १८५४ च्या अवर्षणाने ती व्यवस्था पुरी पडणार नाही हे दाखवून दिले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने सुचवलेली विहार तलावाची योजना १८५६ साली हाती घेण्यात आली आणि १८६० साली पूर्ण झाली. विहारचे पाणी पुरेल असे वाटत असतानाच शहर वाढले, म्हणून १८७९ साली तुळशी तलाव झाला. मग शहराने बेटाबाहेर, सालसेटच्याही पलीकडे दृष्टी टाकली आणि १८९२ साली तानसाचे पाणी मुंबईत आले. दगडी बांधकामाची, पावणेतीन किलोमीटरहून अधिक लांबीची ती भिंत आज एकशे तीस वर्षांनंतरही आपले काम करीत आहे. ज्यांनी ती बांधली त्यांच्यापैकी कोणीही आज नाही. ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांची पणतवंडे तिचे पाणी पीत आहेत.

पुढे १९५७ साली वैतरणेवरचा जलाशय पुरा झाला. महापालिकेचे अभियंता नानासाहेब मोडक यांचे नाव त्याला दिलेले आहे. अल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ साली मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडणारे ते हेच मोडक. १९७३ साली अप्पर वैतरणा आली. ऐंशीच्या दशकात भातसा आली आणि आज शहराचे जवळजवळ निम्मे पाणी तीच देते. १९९४ साली डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने २०२१ पर्यंतच्या गरजेचा अंदाज घेऊन मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही पुढची तीन नावे सुचवली. त्यांतले मध्य वैतरणा धरण मोखाडा-शहापूरच्या हद्दीवर कोचाळेजवळ उभे राहिले आणि २०१४ पासून दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देऊ लागले. वाडा तालुक्यातल्या गारगाईचा प्रस्ताव २०२० साली झाडांच्या प्रश्नावरून मागे पडला, समुद्राचे पाणी गोडे करण्याचा विचार पुढे आला, आणि त्यानंतर गारगाईचीही फाईल पुन्हा उघडली.

एवढ्या मोठ्या कामांना पैसा कोठून येतो, हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसाचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. शंभर वर्षे टिकणारे धरण एकाच पिढीच्या करातून बांधले, तर ज्यांना त्याचे पाणी चार-दोन वर्षेच मिळणार अशा वृद्धांनी सगळा भार उचलला असे होते. म्हणून शहरे कर्ज काढतात. कर्जाचे हप्ते पुढे तीस-चाळीस वर्षे फेडले जातात आणि जो पाणी पितो तो त्या काळापुरता भार उचलतो. सत्तरच्या दशकापासून मुंबईच्या पाणीयोजनांना जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, ते याच तत्त्वावर. दुसरा मार्ग अनुदानाचा. मध्य वैतरणेला केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा हात लागला. २००५ च्या अखेरीस सुरू झालेल्या त्या योजनेत मोठ्या महानगरांसाठी केंद्राचा वाटा ३५ टक्के, राज्याचा १५ टक्के आणि उरलेला निम्मा महापालिकेचा होता. म्हणजे त्या धरणात मुंबईकराबरोबर देशातल्या प्रत्येक करदात्याचा, अगदी मोखाड्याच्या बाजारात मीठ-काड्यापेटी घेणाऱ्याचाही वाटा आहे. तिसरा मार्ग पाणीपट्टीचा. २०१२ पासून मुंबईत पाण्याचा दर दरवर्षी कमाल आठ टक्क्यांपर्यंत वाढवता येईल असे धोरण आहे. त्यामागचा विचार हा, की व्यवस्था चालवण्याचा खर्च वापरणाऱ्याने द्यावा.

हे सारे तत्त्वतः योग्य आहे. याला काळाचा न्याय म्हणता येईल. आजोबांनी नातवासाठी आंबा लावावा आणि नातवाने त्याला पाणी घालावे, तसा हा पिढ्यांमधला व्यवहार आहे. आपल्या वसईला तो अपरिचित नाही. आपल्या गावोगावची बावखले कोणी खणली, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरावे, शेजारच्या विहिरी भरलेल्या राहाव्यात, पानवेलीला आणि केळीला रहाटाचे पाणी मिळावे, म्हणून कोणा पूर्वजांनी ती खणली आणि गावकीने साफ ठेवली. तेही सार्वजनिक बांधकामच होते. त्याला अभियंता नव्हता, कर्जरोखे नव्हते. पण पुढच्याचा विचार होता.

मात्र काळाच्या न्यायाबरोबर आणखी एक न्याय असावा लागतो. त्याला अंतराचा न्याय म्हणू या. शहराची योजना पन्नास वर्षे पुढे पाहते. तीच दृष्टी शंभर-दीडशे किलोमीटर वर, जेथून पाणी निघते त्या पाड्यापर्यंत पोहोचते काय? येथे मात्र आपली गणिते थांबतात. धरणाच्या अंदाजपत्रकात भिंतीचा खर्च असतो, बोगद्याचा असतो, जलशुद्धीकरणाचा असतो, बुडणाऱ्या जमिनीचा मोबदला असतो. मोबदला एकदाच दिला जातो, पाणी मात्र कायमचे नेले जाते. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, हे आपल्या राज्याला भूषणावह आहे. परंतु भातसेच्या विस्थापितांना आपल्या मागण्यांसाठी दशकानुदशके सरकारदारी जावे लागले, हेही तितकेच खरे आहे. आणि ज्याचे घर बुडत नाही, पण ज्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस खाली जाऊन दुसऱ्याच्या नळाला येतो, त्याचे तर या हिशेबात नावही नसते.

जव्हारला पाऊस कमी पडत नाही. वर्षाला सरासरी अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस तेथे पडतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. आलेले पाणी थांबत नाही. फाल्गुन लागता लागता विहिरी तळ गाठतात आणि उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आणखी एक साधी भौतिक गोष्ट आहे. वैतरणेचे पाणी नदीच्या पात्रातून एका जलाशयातून दुसऱ्यात उतरते आणि मोडकसागरातून नळ व बोगद्यांनी शहराकडे येते. यातला बराचसा प्रवास उतारावरचा आहे, त्याला उपसण्याचा खर्च नाही. पाडे मात्र जलाशयाच्या वर, टेकडीवर वसलेले आहेत. त्यांना तेच पाणी हवे असेल तर ते चढवावे लागते. त्यासाठी पंप हवा, वीज हवी, विजेचे बिल भरणारा हवा. पाणी शहराकडे आपोआप धावते आणि गावाकडे पैशाने चढते. निसर्गाचा हा उतार कोणी मुद्दाम केलेला नाही. परंतु निसर्गाने जो उतार दिला तो माणसाने आणखी तीव्र करावा की थोडा समतल करावा, हे ठरवणे आपल्या हाती असते, आणि नीतीचा प्रश्न तेथेच उभा राहतो.

वर्षाआड नव्हे, दरवर्षी दिवाळीनंतर जव्हारची कुटुंबे घराला काटी लावून खाली उतरतात. भिवंडीच्या आणि वसईच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, आपल्या वाड्यांत ती राबतात. मूल बरोबर असते. अंगणवाडी मात्र गावातच राहते. कुपोषणाच्या कहाणीत या भटकंतीचा वाटा मोठा आहे, हे तेथे काम करणारे सगळे सांगतात. आमच्या वाडीत अनेक वर्षे एक बाई कामाला येत असे. पावसाआधी गावी परतताना इतर मजूर जुने कपडे मागत. तिने एकदा माझ्या आईकडे पडवीतला गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मागितला. ‘तुला तो कशाला ग?’ असे आईने विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘पाणी भराया. आमचा हंडा गळतो.’ आईने डबा दिला, शिवाय एक कळशीही दिली. आम्हाला त्या दिवशी आपण दानधर्म केल्याचे समाधान वाटले. आज मनात येते, की ती जे मागत होती ते दान होते की देणे होते?

दान आणि देणे यांतला फरक लहान नाही. दान देणाऱ्याच्या मनावर असते. देणे घेणाऱ्याच्या हक्कावर असते. दान दिल्यावर माणूस मोठा होतो; देणे दिल्यावर तो केवळ बरोबरीला येतो. वावर-वांगणीला १९९२ नंतर जे मिळाले ते बहुतांशी दानाच्या रूपाने मिळाले. संकट आले, हृदये द्रवली, मदत गेली. धरणाच्या आराखड्यात जशी वर्षावर्षाची तरतूद असते, तशी तरतूद त्या मुलांसाठी कोणी आधी लिहून ठेवलेली नव्हती. शहराची तहान नियोजनात होती. गावाची भूक बातमीत होती. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे सांगितले, आणि ज्या गरिबांना ते मिळत नाही त्यांच्या बाबतीत जगावर मोठे सामाजिक ऋण असल्याचेही नमूद केले. त्यांनी वापरलेला ‘ऋण’ हा शब्द नेमका आहे. तो आपल्याला दात्याच्या आसनावरून उठवून ऋणकोच्या रांगेत उभा करतो.

दूरदृष्टी हा सद्गुण खरा. तथापि ती कोणासाठी वापरली, यावर तिचे मोल ठरते. याचे मोठे उदाहरण जुन्या करारात आहे. योसेफाने फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवण्याची योजना आखली. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि येथेच थांबतो. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आपण सहसा जात नाही. दुष्काळ पडला तेव्हा कोठारे भरलेली होती, लोक जगले. पण धान्यासाठी त्यांनी आधी पैसा दिला, मग गुरेढोरे दिली, मग जमिनी दिल्या आणि शेवटी स्वतःला फारोचे दास म्हणून लिहून दिले. ज्या धान्याचा पाचवा हिस्सा त्यांच्याच शेतांतून आला होता, तेच धान्य त्यांना स्वातंत्र्य विकून परत घ्यावे लागले. जमिनी सुटल्या त्या फक्त याजकांच्या. पवित्र शास्त्र ही गोष्ट लपवीत नाही, म्हणून आपणही लपवू नये. योसेफाची दूरदृष्टी खोटी नव्हती, तिने असंख्य प्राण वाचवले. पण ज्यांच्या शेतातून कोठार भरले त्यांचा कोठारावर हक्क राहिला नाही. नियोजन उत्तम असून न्याय अपुरा राहू शकतो, हा त्या अध्यायाचा धडा आहे.

हे सारे वाचताना आपण वसईकर ‘मुंबईवाले’ असे म्हणून बोट दुसरीकडे दाखवू. तो मोह आवरला पाहिजे. नव्वदच्या दशकात आपल्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, उपसा वाढला, काही विहिरींना खारट पाणी लागले, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या नेतृत्वाखाली आपल्या धर्मग्रामांतील बायाबापडे, म्हातारेकोतारे मोर्च्यांना गेले. आमचे पाणी आमच्या शेतीचे आहे, ते विकू देणार नाही, असे आपण म्हणालो आणि ते योग्यच होते. त्यानंतर २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, लोकसंख्या वाढली, पुष्कळ बावखले भरावाखाली गेली. आता आपल्याही घरात नळ आहे आणि त्यात सूर्या नदीचे पाणी येते. धामणी धरणाचा सूर्या प्रकल्प मुळात डहाणू-पालघर-विक्रमगडच्या परिसरातील, बहुतांशी आदिवासी, शेतीच्या सिंचनासाठी आखलेला होता. सूर्या प्रादेशिक योजनेतून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांकडे आणावयाचे ठरले. त्यातले १८५ वसई-विरारचे आणि २१८ मीरा-भाईंदरचे. २०२३ साली आपल्या वाट्याचे पाणी येऊ लागले, तेव्हा आपण सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या शेतीचे पाणी शहराला नेऊ नका, असे तिकडचे शेतकरी आणि आदिवासी कित्येक वर्षे म्हणत होते. टँकरच्या वेळी आपण जे शब्द वापरले तेच त्यांचे शब्द होते. फरक इतकाच, की या वेळी आपण नळाच्या दुसऱ्या टोकाला उभे होतो.

मग काय करावे? धरणे बांधूच नयेत, असे म्हणणे सोपे आहे; पण ते प्रामाणिक नाही. वैतरणेचे पाणी अडवले नाही तर ते समुद्राला मिळते. धारावीतल्या ज्या बाईला पहाटे उठून दोन हंडे पाणी भरावे लागते ती कोणाची शोषक नाही. तिचीही तहान खरी आहे. सव्वा कोटीच्या शहराला पाणी लागणारच. दुसरा आक्षेप असा घेतला जातो, की आदिवासी भागासाठी सरकारचा निधी असतोच, आणखी पैसा दिला तरी तो वाटेत झिरपून जाईल. झिरपण्याची भीती खोटी नाही. पण हा आक्षेप आपण धरणाला लावत नाही. मुंबईला रोज मिळणाऱ्या सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाण्यापैकी एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक गळतीत आणि चोरीत जाते असे मानले जाते. ते प्रमाण ४४० दशलक्ष लिटरच्या गारगाई धरणाच्या दुपटीहून अधिक भरते. एवढे झिरपूनही आपण नळयोजना बंद करीत नाही. नळ दुरुस्त करण्याविषयी बोलतो. जो धीर आपण नळाच्या बाबतीत दाखवतो तोच पाड्याच्या बाबतीत का दाखवू नये? आणि नवे खोरे मागण्यापूर्वी घरातली गळती थांबवणे हे तर देणेकऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

जगात याची दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील लॉस एंजलिस शहराने कर्जरोखे काढून १९१३ साली ओवेन्स खोऱ्याचे पाणी शेकडो किलोमीटरवरून आणले. शहर भरभराटले, खोऱ्यातले सरोवर कोरडे पडले, आणि त्या कोरड्या तळाची धूळ बसवण्यासाठी त्याच शहराला पुढे अब्जावधी डॉलर मोजावे लागले. न चुकवलेले ऋण व्याजासह परत आले. न्यूयॉर्कनेही आरंभी आपल्या जलाशयांखाली गावे बुडवली होती. परंतु १९९७ साली त्या शहराने उगमाकडच्या गावांशी करार केला. तुम्ही जंगल आणि ओढे जपा, त्यासाठी तुमची शेते, सांडपाण्याची सोय आणि गावची कामे यांचा खर्च आम्ही उचलू, असे त्याचे स्वरूप होते. त्यामुळे पाणी स्वच्छ राहिले आणि प्रचंड खर्चाचे शुद्धीकरण केंद्र बांधणे टळले. अंतराचा न्याय शहाणपणाच्याही हिताचा ठरतो, असे यातून दिसते.

परक्या देशाकडे जाण्याचीही गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा उभारताना १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली गेली आणि ती खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या हातांसाठी राखली गेली. ते दान नव्हते, कायद्याने ठरवलेले देणे होते. ज्या राज्याने हे एकदा केले त्याला ते पुन्हा अशक्य नाही.

मुंबईत घरगुती पाण्याला हजार लिटरमागे दहा रुपयांहून कमी पडतात. त्यात फक्त दहा पैसे उगमाकडच्या गावांसाठी वेगळे काढले असे समजू. ३,८५० दशलक्ष लिटरवर दिवसाला पावणेचार लाखांहून अधिक रुपये होतात, वर्षाला सुमारे चौदा कोटी. गळतीचा चौथा हिस्सा वजा केला तरी वर्षाला दहा कोटी उरतात. झोपडपट्टीतल्या ग्राहकाला त्यातून वगळता येईल. मोठ्या वापराला थोडे अधिक लावता येईल. २०११ च्या जनगणनेत जव्हार आणि मोखाडा मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास लोकसंख्या होती. एवढ्या वस्तीसाठी दरवर्षी न चुकता येणारे दहा कोटी ही लहान गोष्ट नव्हे. यातली महत्त्वाची गोष्ट रकमेची नाही, ‘दरवर्षी न चुकता’ या तीन शब्दांची आहे. एकदाच मिळालेल्या पैशाने विहीर होते. दरवर्षी मिळणाऱ्या पैशाने तिचा पंप चालतो, गाळ निघतो, टाकी दुरुस्त होते, आणि नोव्हेंबरात गाव सोडू पाहणारे कुटुंब कदाचित रब्बीचे एखादे पीक घेऊन घरीच राहते. तानसाच्या भिंतीला जर शंभर वर्षे देखभालीचा खर्च मिळतो, तर तिच्यामागच्या खोऱ्याला का मिळू नये? मुंबई महापालिका ठाणे, भिवंडी आणि वाटेवरच्या गावांना आपल्या पाण्यातला वाटा आजही देते. म्हणजे वाटून घेण्याची कल्पना शहराला अनोळखी नाही; ती वाटेवरून उगमापर्यंत न्यायची तेवढी राहिली आहे.

हा पैसा कसा खर्च व्हावा, हे मात्र शहराने ठरवू नये. पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले होते: लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये, तिने त्याला साहाय्य करावे. ओढ्यावर बंधारा कोठे हवा आणि विहीर कोठे खोदावी, हे कोणत्याही आराखड्यापेक्षा पाड्यावरच्या म्हातारीला अधिक कळते. ग्रामसभेने कामे ठरवावीत, हिशेब चावडीवर लावावा, आणि शहराने प्रत्येक वर्षी आपल्या अंदाजपत्रकात हे देणे वेगळ्या शीर्षाखाली दाखवावे. अंदाजपत्रकात जे वेगळे दिसते तेच चर्चेला येते. ‘इतर खर्च’ या सदरात दडलेल्या ऋणाची कोणालाही लाज वाटत नाही.

पिंजाळचे धरण अजून बांधलेले नाही, म्हणून हा विचार करण्यास आज वेळ आहे. धरण झाल्यावर केलेला न्याय नेहमी मोबदल्याच्या रूपाने येतो. आधी केलेला न्याय भागीदारीच्या रूपाने येऊ शकतो. जव्हारच्या माणसाला त्या जलाशयाचा पहिला पेला मिळेल, मग पाणी खाली उतरेल, असा क्रम आराखड्यातच लिहिता येईल. आपल्या वसई-विरारलाही सूर्येच्या बाबतीत हे करता येईल. त्यासाठी मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही. मतांसाठी दारी येणाऱ्या उमेदवाराला आपण पाण्याचा दाब आणि वेळ विचारतो. ‘ज्या खोऱ्याचे पाणी आणता त्याला पालिका दरवर्षी काय देते?’ हाही प्रश्न विचारता येईल. गावातले जे बावखल अजून उरले आहे ते बुजू न देणे हीसुद्धा या ऋणाची परतफेडच आहे, कारण आपण जितके पाणी आपल्या मातीत मुरवू तितके कमी पाणी दुसऱ्याच्या डोंगरावरून मागावे लागेल.

आमच्या वाडीत येणारी ती बाई पुढे येईनाशी झाली. तिच्या पाड्याचे नाव आम्ही कधी विचारले नव्हते. ‘जव्हारकडची’ एवढीच तिची ओळख आम्हाला पुरेशी वाटली होती. आमच्या पडवीतल्या रांजणाची जागा आता नळाने घेतली आहे. सकाळी तो सोडताना आईने दिलेला डबा कधी कधी आठवतो. आम्ही तिला रिकामा डबा दिला होता. भरायचे पाणी कोठून आणायचे, ते तिच्यावर सोडले होते.